नाडी पाहिली, पंप कोण पाहणार?



नागपूरहून वाडीकडे येणाऱ्या अमरावती रस्त्यावर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे. काटोल-कळमेश्वरकडचा संत्रावाला पिवळी पडलेली डहाळी पिशवीत घालून एखाद्या जाणकारापुढे ठेवतो, तेव्हा जाणकार पान उलटेपालटे करून पाहतो आणि मग प्रश्नांची सरबत्ती सुरू करतो. जमीन भारी की हलकी? कलम जंबेरीवर की रंगपूर लिंबावर? पाणी बुंध्याला लागते का? मागल्या महिन्यात काय फवारले? कारण पान पिवळे पडायला कारणे पुष्कळ. जस्त कमी पडले, लोह कमी पडले, मुळ्या सडल्या, डिंक्या लागला, पाणी तुंबले. पान बिचारे सगळ्याला पिवळेच पडते. पानावरून अर्धे कळते. उरलेले अर्धे बागवानाच्या तोंडून काढून घ्यावे लागते.

हाच बागवान स्वतः आजारी पडून दवाखान्याच्या रांगेत उभा राहिला की त्याच्या तोंडून काही काढून घ्यायला कोणाला वेळ नसतो. काय होते? चक्कर येते. कधीपासून? कालपासून. उलटी? झाली. सलाईन लावा. केसपेपरवर नाव, वय, गाव. आणि धंद्याचा रकाना असलाच तर त्यात 'शेती'. झाडाला दहा प्रश्न, झाड लावणाऱ्याला तीन.

आमचे म्हणणे एवढेच आहे की कास्तकाराचा आणि मजुराचा आजार लक्षणांवरून ओळखायचा असेल, तर त्याच्या वावरात काय चालले आहे ते विचारल्याशिवाय तो ओळखता येणार नाही. डॉक्टर विचारत नसेल तर आपण सांगायला शिकले पाहिजे. वाडीसारख्या ठिकाणी हे बोलणे अस्थानी नाही. वाडी आता नगर परिषदेचे गाव झाले, इथे ट्रक आणि गोदामे दिसतात, वावर दिसत नाही, हे खरे. पण बाजारगाव-कोंढाळीकडून नागपूरच्या मेडिकलला किंवा मेयोला निघालेला रोगी वाडीवरूनच पुढे जातो. तो वाडी ओलांडतो तेव्हा त्याच्यासोबत काय काय असते आणि काय घरीच राहून जाते, यावर पुढचे सारे अवलंबून असते.

२०१७ चा हंगाम विदर्भात कोणी विसरलेला नाही. यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणारी माणसे एकामागून एक रुग्णालयात पोचू लागली. वीसहून अधिक गेली, शेकडो आडवी झाली. पऱ्हाटी त्या साली डोक्याच्या वर गेलेली. फवारा वर मारायचा आणि तो आपल्याच तोंडावर उतरायचा. सरकारने चौकशी पथक नेमले. नोव्हेंबरमध्ये पाच कीटकनाशकांची विक्री यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलढाणा आणि वाशीम या जिल्ह्यांत ६० दिवसांपुरती बंद केली. तोवर फवारणीचा हंगाम सरत आला होता, ते सोडा. आम्हाला इथे त्या पाच नावांबद्दल बोलायचे आहे. प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रीनची मिसळ, फिप्रोनिल-इमिडाक्लोप्रिडची मिसळ, ॲसिफेट, डायफेनथ्युरॉन आणि मोनोक्रोटोफॉस. वाचताना जीभ अडखळते, पण वाचा. पाच डब्यांत सात विषे आहेत आणि ती एका जातीची नाहीत.

प्रोफेनोफॉस, ॲसिफेट आणि मोनोक्रोटोफॉस ही एका घराण्यातली, ऑर्गॅनोफॉस्फेट घराण्यातली. आपल्या शरीरात मज्जातंतू स्नायूला आणि ग्रंथीला हुकूम सोडतात, आणि हुकूम पाळून झाला की तो पुसून टाकणारा एक पदार्थ असतो, त्याला कोलिनेस्टरेज म्हणतात. हे विष त्या पुसणाऱ्यालाच बांधून टाकते. मोटार चालू करायचे बटण दाबले आणि बंद करायचे बटण मोडले, तसे होते. तोंडाला पाणी सुटते ते थांबत नाही. डोळे वाहतात, नाक वाहते, अंग घामाने निथळते, उलटी होते, जुलाब होतात, कपड्यातच लघवी होते. छातीत कफ भरून घरघर लागते. कातडीखाली मांसाच्या तारा थरथरताना दिसतात. आणि डोळ्याची बाहुली आकसून टाचणीच्या टोकाएवढी होते. या विषाला ॲट्रोपिन हा उतारा आहे. छाती कोरडी होईपर्यंत तो देत राहावे लागते. सोबत प्रॅलिडॉक्सिम देतात, त्याला डॉक्टर मंडळी पाम म्हणतात.

आता दुसरी विषे पाहा. सायपरमेथ्रीनने तोंडाची कातडी चुरचुरते, मुंग्या येतात, आग होते. फिप्रोनिल जास्त गेले तर झटके येतात. डायफेनथ्युरॉनला तर ठरलेला उतारा असा नाहीच. जे लक्षण दिसेल त्यावर इलाज करत रोग्याला सांभाळावे लागते. म्हणजे एका माणसाला वाचवणारी सुई दुसऱ्याच्या विषावर उतारा नसते. आणि आपण तर टाकीत दोन-दोन, तीन-तीन डबे ओततो. मग खाटेवर पडलेल्या माणसाचे अंग सात भाषांत एकदम बोलायला लागते. त्यातली कोणती खरी, हे डॉक्टरने नुसते पाहून कसे ओळखावे? तो कितीही हुशार असला तरी त्याला टाकीत काय होते ते कळले पाहिजे. नाडी तो पाहील. पंप त्याला आपणच दाखवायचा आहे.

गल्लत कुठे होते तेही सांगतो. फवारणी चालते ऑगस्ट-सप्टेंबर-ऑक्टोबरात. पाऊस उघडला की ऊन असे तापते की माणूस नुसत्या उभ्याने घामाघूम होतो. अशा दुपारी वावरात भोवळ येऊन पडलेल्या मजुराला पाहून घरचे म्हणतात ऊन लागले, आणि जवळचा दवाखानाही म्हणतो ऊन लागले. घाम दोन्हींत येतो, मळमळ दोन्हींत, अशक्तपणा दोन्हींत. पण तोंड पाहा. उन्हाने पडलेल्याचे तोंड कोरडे पडते, त्याला तहान लागते. या विषाने पडलेल्याच्या तोंडातून लाळ गळते. मग बॅटरी घेऊन बाहुली पाहा. दुपारच्या उन्हात सगळ्यांचीच बाहुली लहान होते, म्हणून सावलीत नेऊन पाहा आणि शेजारी उभ्या असलेल्या धडधाकट माणसाची बाहुली ताडून पाहा. हे पाहायला पदवी लागत नाही. मात्र बाहुली आकसली नाही म्हणून विष नाही, असे कोणी समजू नये. विष दुसऱ्या जातीचे असू शकते.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. गावच्या डॉक्टरने ॲट्रोपिन देऊन रोग्याला पुढे पाठवले, की नागपुरात पोचेपर्यंत त्याची बाहुली मोठी झालेली असते, तोंड कोरडे पडलेले असते, नाडी धावत असते. चित्र उलटे झालेले असते. पहिल्या डॉक्टरने काय दिले, किती दिले, किती वाजता दिले आणि देण्याआधी रोगी कसा होता, याची चिठ्ठी सोबत नसेल तर दुसऱ्या डॉक्टरला पहिली लक्षणे कधी दिसणारच नाहीत. ही चिठ्ठी मागून घ्यायची. न देणारा भेटला तर घरच्यांपैकी कोणी तरी आपल्या अक्षरात लिहून घ्यायची.

आणि तिसरा दिवस. १९८७ साली श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी, सेनानायके आणि कारल्लीड्डे या दोघांनी, एक गोष्ट जगापुढे मांडली. ऑर्गॅनोफॉस्फेटचा रोगी पहिल्या तडाख्यातून सावरतो, लाळ थांबते, बोलायला लागतो, आणि एक ते चार दिवसांच्या आत त्याची मान उचलेनाशी होते. मग दंड-मांड्या लुळ्या पडतात, मग श्वास घेणारे स्नायू थकतात. अशा वेळी कृत्रिम श्वासाचे यंत्र मिळाले तर माणूस वाचतो, नाही तर नाही. आता आपल्याकडचा हिशेब करा. रोज बुडतो, घरी बैल आहेत, खाटेपाशी बसायला माणूस नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी बरे वाटताच रोगी सुट्टी मागून गावी परततो. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला उशीवरून डोके उचलता येत नाही, तेव्हा घरचे म्हणतात अशक्तपणा आहे, झोपू द्या. म्हणून आमचे सांगणे असे की सुट्टी मिळाली तरी चार दिवस त्याला रोज सकाळी उताणा झोपवून मान उचलायला लावा. उचलता आली नाही तर त्याच घटकेला गाडी करा.

भाषेचाही एक घोटाळा आहे. आपण विषाला औषध म्हणतो. कृषी केंद्रातून औषध आणतो, पऱ्हाटीला औषध मारतो. मग दवाखान्यात घाबरलेली बायको सांगते, "यायले औषध लागलं." ऐकणारा ऐकतो, औषध घेतलं. आणि मराठीत औषध घेणे म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे. कागदावर 'विष प्राशन' असे दोन शब्द पडतात. विषबाधेचा रोगी म्हटला की पोलिसांत नोंद होते. माणूस गेला तर शवविच्छेदन आणि व्हिसेरा ओघाने आलेच. कागद जिथे जिथे जातो तिथे तिथे ते दोन शब्द सोबत जातात. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने जी शेतकरी अपघात योजना आहे, तीत कीटकनाशक हाताळताना झालेली विषबाधा हा अपघात धरला आहे आणि मृत्यूला २ लाख रुपये ठरवले आहेत. आत्महत्या त्यात बसत नाही. म्हणजे डॉक्टरने पहिल्या पाच मिनिटांत लिहिलेल्या निदानावर विधवेचे २ लाख टांगलेले असतात. आणि ज्या मजुराच्या नावावर सातबाराच नाही आणि घरातही कोणाच्या नावावर नाही, तो तर त्या योजनेच्या दारातही उभा राहू शकत नाही. फवारणीचा पंप मात्र बहुतेक त्याच्याच पाठीवर असतो. योजना करणाऱ्यांनी पंप कधी उचलून पाहिला असता तर हे त्यांना दिसले असते.

तेव्हा बोलताना शब्द नेमका वापरा. "फवारणी करताना विषबाधा झाली, सकाळी ८ पासून दुपारी २ पर्यंत फवारत होता, डबा हा." एवढे वाक्य घरातल्या पोरालाही पाठ असू द्या, आणि ते कागदावर उतरले की नाही, ते वाचून घ्या.

डॉक्टरने रोग्याला कामधंदा विचारावा, ही काही आमची टूम नाही. इटलीत मोदेना गावी बर्नार्दिनो रामाझिनी नावाचा वैद्य होऊन गेला. शौचकूप उपसणाऱ्या एका मजुराची घाई पाहून त्याने कारण विचारले, आणि त्या कामात डोळे कसे जातात ते त्याला त्या मजुराकडून कळले. मग तो धंद्यामागून धंदे पाहत गेला आणि १७०० साली त्याने कामकऱ्यांच्या रोगांवर ग्रंथ छापला. जुन्या वैद्यांनी रोग्याला विचारायचे प्रश्न घालून दिले होते. रामाझिनीने त्यांत एकाची भर घातली: तू काम काय करतोस? याला सव्वातीनशे वर्षे झाली.

हा प्रश्न फवारणीपुरताच नाही. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपास स्क्रब टायफस या तापाने माणसे दगावली. गवतात, झुडपात राहणाऱ्या चिगर माइट नावाच्या किड्याची पिल्ले चावतात आणि ताप येतो तो आठ-पंधरा दिवसांनी. डोके दुखते, अंग मोडते, थंडी वाजते. पावसाळ्यातला कोणताही ताप असाच असतो, म्हणून मलेरिया झाला, डेंग्यू झाला, टायफॉइड झाला, सगळ्यांच्या तपासण्या होतात आणि दिवस जातात. पण पुष्कळांच्या अंगावर हा किडा आपली सही करून गेलेला असतो. विडीचा चटका बसावा तशी काळी खपली. काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली, बाईच्या छातीखाली. ती दुखत नाही, म्हणून रोगी सांगत नाही. झाकलेल्या जागी असते, म्हणून डॉक्टरला दिसत नाही. आणि बाई रोगी असली तर लाजेने तपासणीच होत नाही. सगळ्यांना ती खपली असतेच असे नाही. पण बांधावरचे गवत कापायला, गुरे चारायला, तूर निंदायला गेला होतात का, एवढा प्रश्न विचारला गेला तर संशय तरी येतो. संशय आला तर डॉक्सिसायक्लिन ही साधी, स्वस्त गोळी वेळेवर सुरू होते. उशीर झाला तर फुप्फुस, मूत्रपिंड, मेंदू यांच्यापर्यंत प्रकरण जाते. ताप आला की आंघोळीच्या वेळी काख आणि जांघ पाहून घ्या. माय मुलीची पाहील, बायको नवऱ्याची पाहील.

काही जण म्हणतील, अडाणी माणसाने लक्षणे पाहायची म्हणजे भगताचाच कारभार. त्यांनी गडचिरोलीकडे पाहावे. तिथे डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या माणसांना आणि सुइणींना बालकांचा न्यूमोनिया ओळखायला शिकवले. ज्यांना मोजता येत नाही त्यांच्यासाठी मण्यांचे साधन केले. एका मिनिटाची वाळूची घडी उलटी करायची आणि पोटाची हालचाल पाहत मणी सरकवायचे. ठरलेल्या खुणेच्या पुढे मणी गेले तर श्वास जलद, न्यूमोनिया समजून औषध द्यायचे. बालमृत्यू कमी झाले. १९९० साली 'लॅन्सेट' या डॉक्टरांच्या जगप्रसिद्ध नियतकालिकाने ते छापले. लक्षण नेमके ठरवून दिले आणि ते पाहायला शिकवले, तर गावातली बाई न्यूमोनिया ओळखते. मग पऱ्हाटीच्या वावरातला माणूस लाळ आणि बाहुली का ओळखणार नाही? शिकवायला कोणी आले नाही, एवढेच.

डॉक्टरांवर आमचा राग नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात एकट्याने शे-दीडशे रोगी काढणाऱ्या पोराला एकेका रोग्यामागे दोन मिनिटे मिळत नाहीत. पण म्हणूनच त्याच्या हातात छापील कागद हवा. ऑगस्ट ते नोव्हेंबर या महिन्यांत केसपेपरवर तीन ओळी छापा: मागच्या तीन दिवसांत फवारणी केली का, कशाची, किती तास. शाईचा खर्च आम्ही वर्गणी काढून देतो.

दुसरे, कोलिनेस्टरेजची रक्ततपासणी. हंगामाआधी एकदा करून माणसाची मूळ पातळी लिहून ठेवायची आणि हंगामात पुन्हा करून ताडून पाहायची, असा तिचा खरा उपयोग. कॅलिफोर्नियात १९७४ पासून अशी विषे हाताळणाऱ्या शेतमजुरांसाठी हा नियम आहे. पातळी मुळाच्या ८० टक्क्यांखाली गेली की काम कसे चालते ते तपासायचे आणि आणखी घसरली की माणसाला त्या कामावरून काढून दुसरे द्यायचे. आपल्याकडे माणूस खाटेवर पडल्यावर तपासणी कुठे होते याची शोधाशोध सुरू होते. काटोल, नरखेड, सावनेर, हिंगणा इथे हंगामात ती व्हायला हवी.

तिसरे, कायदा. १९५८ साली केरळात आणि तेव्हाच्या मद्रास राज्यात पॅराथिऑन सांडलेल्या धान्या-पिठाने शंभरावर माणसे मेली. त्यातून चौकशी झाली आणि पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. त्याच्या कलम २६ प्रमाणे राज्य सरकार अधिसूचना काढून, कीटकनाशक वापरताना किंवा हाताळताना झालेल्या प्रत्येक विषबाधेची खबर ठरलेल्या अधिकाऱ्याला द्यायला लावू शकते. मेलेल्याचीच नव्हे, बाधा झालेल्या प्रत्येकाची. आपल्या जिल्ह्यात गेल्या हंगामात अशा किती खबरा आल्या, कोणी दिल्या आणि त्यात कोणते डबे होते, हे जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांना लेखी विचारायचे ठरवू. आकडा शून्य आला तर वावरात काही घडले नाही असा त्याचा अर्थ नाही. लिहिणारा नव्हता, एवढाच अर्थ.

कास्तकारांनाही चार शब्द. भोवळ आली की पहिले काम कपडे काढणे आणि साबण-पाण्याने अंग, केस, नखे धुणे. विष कातडीतून जातच राहते आणि भिजलेला सदरा म्हणजे विषाचा पोतेराच असतो. धुणाऱ्याने हाताला प्लास्टिक बांधावे. दूध, तूप, लिंबू काही पाजू नये, बोटे घालून उलटी काढू नये. ते फुप्फुसात गेले तर दुसरे संकट. त्याला कुशीवर निजवून न्यावे. फवारताना खर्रा तोंडात टाकणारे महाभाग तर नागपूर जिल्ह्यात घरोघरी आहेत. हात पंपाचा आणि तोंडात खर्रा, मग डबा प्यायचाच काय बाकी राहिला? आणि मालकाने मजुराला डब्याचे नाव सांगितलेच पाहिजे. पुष्कळदा टाकी मालक कालवतो, फवारतो मजूर, आणि दवाखान्यात मजुराच्या घरचे विचारतात, कोणतं होतं जी?

डब्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. लाल सर्वांत जहाल. डब्यासोबत माहितीपत्रक येते. विषबाधेची लक्षणे आणि प्रथमोपचार त्यात छापणे कायद्याने बंधनकारक आहे, प्रादेशिक भाषेतसुद्धा. अक्षर मुंगीएवढे असते आणि पत्रक बहुधा दुकानातच चुरगळून पडते. जिल्हा बैठकीला येताना आपल्या घरी या हंगामात आलेल्या प्रत्येक डब्याचे पत्रक घेऊन या; दुकानदाराने दिले नसेल तर त्या दुकानाचे बिल आणा. बैठकीच्या पहिल्या तासात ती पत्रके मोठ्याने वाचली जातील. चष्मा आणायला विसरू नका.